कामाचा ताण मोजणारे पस्तीस प्रश्न : एचएसईच्या मोफत प्रश्नावलीचं परीक्षण

कामाच्या ठिकाणचा ताण मोजायचं ठरलं की बहुतेक संस्था आधी माणसाला तपासायला घेतात. झोप लागते का, चिडचिड होते का, उदास वाटतं का, असं विचारतात. मग अमुक टक्के लोक तणावात आहेत असा अहवाल येतो आणि पुढे काय करायचं ते कोणालाच कळत नाही. ताण कुठल्या कामातून, कुठल्या पाळीत, कोणाच्या हाताखाली येतो हे विचारलेलंच नसतं.

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेची, म्हणजे एचएसईची, ‘मॅनेजमेंट स्टँडर्ड्स इंडिकेटर टूल’ ही प्रश्नावली नेमकं तेच विचारते. तिच्यात आजाराबद्दल एकही प्रश्न नाही, सगळे ३५ प्रश्न कामाबद्दल आहेत. २००४ साली एचएसईने कामाच्या ताणाबाबतची आपली मानकं जाहीर केली, त्यांच्यासोबत ती आली. मूळ प्रश्नावली मोफत वापरता येते. संगणकावर सगळी आकडेमोड करून देणारी सशुल्क ऑनलाइन आवृत्तीही एचएसई देते, पण एक्सेल येणाऱ्या माणसाला तिची गरज पडत नाही.

पन्नास ते पाचशे माणसांच्या संस्थेला, म्हणजे एखादं रुग्णालय, सहकारी बँक, कारखान्याचं युनिट किंवा शाळांचा समूह यांना, सुरुवात करायला आमच्या मते यापेक्षा चांगलं साधन नाही. मात्र इंग्रजीतून उचलून मराठीत जसंच्या तसं वापरलं, तर ते चुकीचे आकडे देतं आणि ते चुकलेत हे लक्षातही येत नाही. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्या चुकांवरच आहे.

आत काय आहे

३५ प्रश्न सात पट्ट्यांत, म्हणजे विषयवार गटांत, विभागलेले आहेत. कामाचा भार ८, कामावरचं नियंत्रण ६, वरिष्ठांचा आधार ५, सहकाऱ्यांचा आधार ४, आपसातले संबंध ४, भूमिकेची स्पष्टता ५ आणि बदल कसे हाताळले जातात यावर ३. छापील प्रश्नावलीत पट्ट्यांची नावं दिसत नाहीत, प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ते तसेच ठेवावेत. भाराचे आठही प्रश्न सलग आले की माणूस तिसऱ्या प्रश्नापासून एकाच रकान्यात खुणा करत सुटतो.

उत्तरांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या २३ प्रश्नांना ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ असे पाच पर्याय, तर उरलेल्या १२ प्रश्नांना ‘अजिबात पटत नाही’ ते ‘पूर्णपणे पटतं’ असे पाच. छापताना हा बदल ठळक दाखवा, शक्य झाल्यास पान बदला. एकाच पानावर दोन्ही आले तर बरेच जण पटण्या-न पटण्याच्या प्रश्नांनाही ‘किती वेळा’ याच हिशोबाने उत्तर देतात.

नियंत्रणाला सहा प्रश्न दिलेत, ते विचारपूर्वक. विश्रांती कधी घ्यायची, कामाचा वेग किती ठेवायचा, काम कोणत्या पद्धतीने करायचं, यात माणसाला किती वाव आहे ते त्यांतून कळतं. कामाच्या ताणाचे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की भार जास्त आणि नियंत्रण कमी ही जोडगोळी सर्वांत घातक असते. ब्रिटनमधल्या १०,३०८ सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या ‘व्हाइटहॉल २’ अभ्यासातही, कामावर ज्यांचं नियंत्रण कमी होतं त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. त्यामुळे वेळ वाचवायला म्हणून नियंत्रणाचे प्रश्न गाळले, तर प्रश्नावलीचा कणाच काढून टाकल्यासारखं होतं.

गुण काढताना होणारी घोडचूक

प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात आणि जास्त गुण म्हणजे परिस्थिती चांगली. पण भाराचे आठ आणि संबंधांचे चार, असे बारा प्रश्न उलट्या अर्थाचे आहेत. ‘मला फार वेगाने काम करावं लागतं’ याला कोणी ‘नेहमी’ म्हटलं, तर त्याला ५ ऐवजी १ गुण द्यायचा. सूत्र सोपं आहे : सहातून उत्तराचा आकडा वजा करा.

हे राहून गेलं तर काय होतं पाहा. एखाद्या परिचारिकेची भाराच्या आठ प्रश्नांची उत्तरं ४, ४, ३, ५, ४, ३, ४, ५ अशी आहेत. उलटवून ती २, २, ३, १, २, ३, २, १ होतात. बेरीज १६, सरासरी २.०. न उलटवता बेरीज ३२ आणि सरासरी ४.०. म्हणजे रुग्णालयातला सर्वांत पिचलेला वॉर्ड कागदावर सर्वांत सुखी दिसतो! एक्सेलमध्ये मूळ उत्तरांचा रकाना तसाच ठेवा आणि उलटवलेल्या गुणांचा वेगळा रकाना करा. मूळ रकान्यावरच बदल केला, तर पुढच्या माणसाला उलटवून झालंय की नाही ते कळत नाही आणि तो पुन्हा उलटवतो.

दुसरी चूक पट्ट्यांच्या तुलनेची. भूमिकेच्या पट्टीवर गुण मुळातच जास्त येतात, कारण आपलं काम काय हे बहुतेकांना माहीत असतं. बदलाच्या आणि नियंत्रणाच्या पट्ट्यांवर ते सहसा कमी येतात. त्यामुळे ‘भूमिका ३.९, बदल ३.१, म्हणजे आपला प्रश्न बदलाचा’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. भूमिकेचे ३.९ हीच कदाचित जास्त वाईट बातमी असेल.

तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे. संबंधांच्या पट्टीत बोचरं बोलणं-वागणं आणि दमदाटी यांवर दोन प्रश्न आहेत. त्यांची सरासरी काढूच नये. चाळीस जणांपैकी छत्तीस जणांनी दमदाटी ‘कधीच नाही’ म्हटलं आणि चौघांनी ‘नेहमी’, तर सरासरी येते ४.६. दिसायला उत्तम, आणि चार माणसं रोज छळ सोसत असतात. या दोन प्रश्नांची उत्तरं माणसं मोजून मांडावीत. ‘कधीकधी’ किंवा त्यापुढचं एक उत्तर आलं, तरी तो विषय बैठकीत यायला हवा.

मराठीत आणताना

इंग्रजीत काही प्रश्नांची रचना नकारार्थी आहे. पुरेशी विश्रांती घेता येत नाही, मुदत गाठता येत नाही, अशा धर्तीची. शब्दशः भाषांतर केलं की ‘मला पुरेशी विश्रांती घेता येत नाही’ हे विधान आणि त्यासमोर ‘कधीच नाही’ हा पर्याय येतो. मराठी माणूस हे जोडून वाचतो : मला विश्रांती कधीच घेता येत नाही. प्रश्नकर्त्याला अभिप्रेत अर्थ याच्या नेमका उलट असतो. ज्याला भरपूर विश्रांती मिळते आणि ज्याला अजिबात मिळत नाही, ते दोघेही एकाच चौकटीत खूण करतात. यावर इलाज म्हणजे नकार क्रियापदात न ठेवता विशेषणात न्यायचा : ‘विश्रांतीला वेळ अपुरा पडतो’, ‘दिलेली मुदत अशक्य असते’. मग ‘कधीच नाही’ हे उत्तर सरळ बसतं.

क्रियापदातलं लिंगही सांभाळावं लागतं. ‘मी ठरवू शकतो’ असं लिहिलं की अर्धी माणसं प्रश्नाच्या बाहेर राहतात, आणि ‘शकतो/शकते’ असं तिरक्या रेघेने लिहिलं की ३५ प्रश्न वाचताना डोळे थकतात. ‘मला ठरवता येतं’ ही रचना दोघांनाही चालते.

‘लाइन मॅनेजर’चं भाषांतर ‘व्यवस्थापक’ करू नये. कारखान्यात तो सुपरवायझर असतो, वॉर्डात इन्चार्ज सिस्टर, बांधकामावर मुकादम, बँकेत शाखाधिकारी. व्यवस्थापक म्हटलं की कामगाराच्या डोळ्यांसमोर वरच्या मजल्यावरचे साहेब येतात, आणि ज्यांच्याशी रोज बोलणंच होत नाही त्यांच्याबद्दल तो उत्तर देतो. प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा : ‘या प्रश्नांत “वरिष्ठ” म्हणजे तुम्हाला रोजचं काम नेमून देणारी व्यक्ती.’ इंग्रजी ‘बुलीइंग’लाही एक शब्द पुरत नाही. ‘दमदाटी, चारचौघांत अपमान किंवा मुद्दाम त्रास’ असं उलगडून लिहिलेलं बरं.

भाषांतर झालं की दुसऱ्या कोणाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रश्नांशी ताडून पाहा. त्यानंतर आठ-दहा कामगारांसमोर एकेक प्रश्न वाचून ‘हे तुम्हाला काय विचारलंय?’ असं विचारा. उत्तर नको, फक्त समज तपासायची. या पायरीवर किमान तीन-चार प्रश्न बदलावे लागतातच. ज्यांना वाचनाची सवय नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवावेत, पण वाचणारा बाहेरचा हवा. सुपरवायझरने वाचून दाखवलेल्या प्रश्नावलीला काही अर्थ उरत नाही.

नाव गुप्त राहणं

सगळी प्रश्नावली यावर उभी आहे, आणि इथेच सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा. ‘प्रत्येकी एकच उत्तर’ हा पर्यायही बंद ठेवा, कारण तो चालू असला की लॉगइन करावं लागतं आणि लॉगइन मागितलं की लोक जपून लिहितात. एखाद-दुसऱ्याने दोनदा भरलं तरी चालेल, शंभर जणांनी घाबरून भरलेलं चालणार नाही. उत्तरांसोबत येणारा वेळेचा शिक्का फार कोणाच्या लक्षात येत नाही. लिंक एकेकाला फोन करून पाठवली असेल, तर कुठलं उत्तर कोणाचं ते त्या वेळेवरून सहज ओळखता येतं. विश्लेषणाला बसण्याआधी तो रकाना काढून टाका.

वैयक्तिक माहिती कमीत कमी विचारा. विभाग, लिंग, वयोगट आणि नोकरीची वर्षं अशी चारही विचारली, की स्टोअर्समधली एकुलती एक महिला आपोआप उघडी पडते. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे काढू नयेत, ते शेजारच्या गटात मिसळावेत. कागदावर घेत असाल तर पेटी एचआरच्या केबिनमध्ये नको, कॅन्टीनजवळ ठेवा, आणि उघडताना कामगारांचा प्रतिनिधी हजर असू द्या.

पाचशेपर्यंत माणसं असतील तर नमुना निवडत बसू नका, सगळ्यांना द्या. ‘सगळे’ म्हणजे कंत्राटी कामगार, सफाई आणि सुरक्षा कर्मचारीही. यादी पगारपत्रकावरून काढली की ते सुटतात, आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी सर्वांत जास्त भार त्यांच्यावरच असतो. निम्म्याहून कमी लोकांनी भरलं तर आकड्यांवर भिस्त ठेवू नका. न भरणाऱ्यांत ज्यांचा विश्वास उडालाय आणि ज्यांना पाच मिनिटंही फुरसत नाही असे दोन्ही असतात, म्हणजे ज्यांचं ऐकायला हवं तेच.

रंगांचा मोह

एचएसईच्या विश्लेषण-पत्रकात प्रत्येक पट्टीला रंग मिळतो. ब्रिटनमधल्या संस्थांशी तुलना करून खालच्या २० टक्क्यांत असाल तर लाल, २० ते ५० पिवळा, ५० ते ८० निळसर आणि त्यावर हिरवा. दिसायला सोयीचं आहे, पण भारतातल्या संस्थेने हे रंग वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. तुलना तिथल्या संस्थांशी होते, जिथली कामाच्या तासांची, रजांची आणि नोकरीच्या हमीची पार्श्वभूमी वेगळी आहे. शिवाय रंग सापेक्ष आहेत. सगळ्याच संस्था बिघडलेल्या असतील तरी वरच्या २० टक्के हिरव्याच दिसणार.

त्याऐवजी दोन तुलना करा. एकाच संस्थेतले विभाग एकमेकांशी, आणि यंदाचे आकडे मागच्या वेळच्या आकड्यांशी. सरासरीसोबत प्रत्येक प्रश्नाला सर्वांत वाईट दोन पर्याय निवडणाऱ्यांचं प्रमाणही मांडा. ‘नियंत्रण २.७’ पेक्षा ‘६० पैकी ४१ जणांना विश्रांतीची वेळ बहुतेकदा स्वतः ठरवता येत नाही’ हे वाक्य संचालकांना लवकर समजतं.

काय नाही

पगार आणि मोबदल्याबद्दल एकही प्रश्न नाही. समाजशास्त्रज्ञ जोहान्स झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला विचार, की श्रम आणि मोबदला यांचा मेळ बसला नाही की माणूस आजारी पडतो, या प्रश्नावलीत उतरलेला नाही. नोकरी टिकेल की नाही ही धास्ती नाही, घर आणि काम यांची ओढाताण नाही, जातीवरून किंवा भाषेवरून मिळणारी वागणूक नाही. आपल्याकडे हे चार विषय वगळणं परवडत नाही. शेवटी स्वतःचे पाच-सहा प्रश्न जोडा, पण त्यांचे गुण मूळ पट्ट्यांत मिसळू नका.

संशोधनासाठी हवं असेल तर डेन्मार्कमध्ये तयार झालेली ‘कोपसॉक’ प्रश्नावली अधिक भरीव आहे. तिची तिसरी आवृत्ती २०१९ ची. नोकरीची असुरक्षितता, घर-काम ओढाताण, कौतुक, न्याय्य वागणूक हे सगळं तिच्यात आहे. पण ती लांब आहे आणि निष्कर्ष वाचायला सरावलेला माणूस लागतो. प्रबंधासाठी कोपसॉक आणि संस्थेत खरोखर काही बदलायचं असेल तर एचएसई, अशी आमची वाटणी आहे.

‘बर्नआउट’, म्हणजे कामाने माणूस पार पिचून जाणं, मोजण्यासाठी बहुतेक जण मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांच्या २२ प्रश्नांकडे वळतात. ती प्रश्नावली विकत घ्यावी लागते. शिवाय तिच्यावरून ‘अमुक टक्के लोकांना बर्नआउट आहे’ असं जाहीर करणं चूक आहे, कारण कमी-मध्यम-जास्त या जुन्या सीमारेषा तिच्या नव्या मार्गदर्शिकेतूनच काढून टाकल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. थकवाच मोजायचा असेल तर २००५ ची ‘कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी’ घ्या : १९ प्रश्न, मोफत, भाषा साधी.

मानसिक स्वास्थ्याचा अंदाज सोबत हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे ‘डब्ल्यूएचओ-५’ हे पाच प्रश्न पुरेसे आहेत. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली मात्र निनावी सर्वेक्षणात घालू नये. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कोणी त्याला ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं आणि ते कोण हे आपल्याला माहीत नसेल, तर आपण प्रश्न विचारून माणसाला तसंच सोडून दिलेलं असतं. प्रश्नावली कुठलीही असो, शेवटच्या पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीशी संपर्क कसा साधायचा तेही तिथेच लिहा, कारण निनावी उत्तर म्हणजे तक्रार नव्हे, हे भरणाऱ्याला कळायला हवं.

आकडे आल्यावर

एचएसई स्वतः सांगते की प्रश्नावली ही सुरुवात आहे, खरं काम त्यानंतरच्या गटचर्चांत होतं. सहा ते आठ माणसं, दीड तास, वरिष्ठ खोलीत नकोत. आकडे समोर ठेवा आणि विचारा : हे कधी होतं? कोणत्या पाळीत? कोणत्या कामाच्या वेळी? ‘भार जास्त’ या दोन शब्दांमागून मग नेमक्या गोष्टी बाहेर येतात. ड्यूटीचा तक्ता शनिवारी रात्री लागतो आणि सोमवारपासून लागू होतो. ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवायला वेळच धरलेला नाही. बँकेत महिनाअखेरीच्या कामातच विमा विकण्याचं टार्गेट येतं. तक्ता पंधरा दिवस आधी लावणं, ड्यूटी बदलताना वीस मिनिटं धरणं, टार्गेटची तारीख महिन्याच्या मध्यावर नेणं, हे सगळं संस्थेच्या हातात असतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना खर्चही येत नाही.

खर्च वेळेचा असतो, तो आधीच मान्य करून घ्या. १२० जणांना पंधरा मिनिटं म्हणजे ३० तास. आठ जणांच्या चार गटचर्चा दीड तासाच्या धरल्या तर ४८ तास. हे कामाचेच तास धरा. जेवणाच्या सुट्टीत भरून घेतलेली ताणाची प्रश्नावली स्वतःच ताण वाढवते.

प्रश्नावली भरून घेतल्यावर योगवर्ग किंवा ध्यानाचं ॲप देऊन थांबू नका, हे इथे आग्रहाने सांगावंसं वाटतं. ऑक्सफर्डमधल्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताण-व्यवस्थापन, ध्यान, ॲप अशा व्यक्तीकेंद्रित उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात सुधारणा म्हणावी असा फरक दिसला नाही. अपवाद होता तो स्वयंसेवी सेवाकार्याचा. योग करू नये असा याचा अर्थ नाही. पण प्रश्नावलीने ड्यूटीच्या तक्त्याकडे बोट दाखवलं असताना योगवर्ग सुरू केला, तर पुढच्या वेळी ती कोणी मनापासून भरत नाही.

या साधनाच्या बाजूने बोलताना हेही मान्य करायला हवं की ते वीस वर्षं उपलब्ध असूनही ब्रिटनमधला प्रश्न सुटलेला नाही. एचएसईच्याच अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये तिथे ७,७६,००० कामगारांना कामामुळे ताण, नैराश्य किंवा चिंता होती, आणि त्यापायी कामाचे १ कोटी ६४ लाख दिवस बुडाले. मोजणं सोपं असतं. ड्यूटीचा तक्ता बदलायला मात्र कोणाला तरी अधिकार द्यावा लागतो, आणि तो द्यायला संस्था तयार नसेल तर हे ३५ प्रश्न विचारूच नयेत.

पुन्हा कधी घ्यायची? प्रश्न ‘गेल्या सहा महिन्यांतलं’ काम डोळ्यांसमोर ठेवून भरायचे असतात. त्यामुळे नुकत्याच रुजू झालेल्यांची उत्तरं वेगळी ठेवा. बदल केल्यावर किमान सहा महिने जाऊ द्या, नाहीतर जुन्याच दिवसांचं उत्तर मिळेल. आमच्या मते वर्षातून एकदा, दरवेळी त्याच महिन्यात घ्यावी. मार्चअखेर, ऑडिटचे आठवडे, पगारवाढीची पत्रं निघतात तो पंधरवडा आणि दिवाळी बोनसच्या आसपासचे दिवस टाळावेत. जुलै-ऑगस्ट बहुतेक ठिकाणी चालतो, शाळांना मात्र नोव्हेंबरअखेर.